माहगंजचं बरोबर उत्तर

माहगंजने पहिला माणूस पाडला तेव्हा ती नववीत होती. शाळेच्या वाटेवर पानाच्या टपरीपाशी एक टगा उभा असायचा आणि रोज तिच्या दप्तराला हात लावायचा. एके दिवशी तिने दप्तर माझ्या हातात दिलं, पाय जरा फाकवले आणि त्याच्या हनुवटीखाली असा ठोसा हाणला की तो टपरीच्या फळीवर आपटून खाली बसला. जीभ त्याच्याच दातांत चिरडली होती. तोंडातून रक्ताची लाळ गळायला लागली तशी मी रडायला लागले. तिने दप्तर परत घेतलं आणि म्हणाली, "चल, गणिताचा तास बुडेल."

ती माझ्या मामाची मुलगी. लियारी या शहराच्या जुन्या, गरीब वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. पीरजान मामा केमाडीच्या गोदीत क्रेन चालवायचा, पण गल्ली त्याला ओळखायची ती बॉक्सर म्हणून. अंगणात त्याने वाळूचं पोतं टांगलं होतं आणि मुलगा शाहदाद, मुलगी माहगंज, दोघांनाही पोत्यापुढे उभं केलं. मामी कपाळाला हात लावायची. या पोरीशी लग्न कोण करणार, असं विचारायची. मामा म्हणायचा, जो हिचा मार सोसेल तो करेल. शाहदाद मोठा, ती त्याला अद्दा म्हणायची, पण त्याच्या हातात मारण्याची हौसच नव्हती. तो फुटबॉलमध्ये रमायचा. पुढे त्याने एक जुनी पिकअप घेतली आणि बर्फाच्या कारखान्यातून मासळी बंदरावर लाद्या पोचवायला लागला. मासेमारीच्या लाँच समुद्रात जाण्याआधी पोटात बर्फ भरून घेतात, त्यामुळे काम बारमाही होतं.

मी नर्स. सरकारी हॉस्पिटलच्या अपघात विभागात. दोन हजार अकराच्या आसपासची ती वर्षं अशी होती की अपघात विभागात अपघाताचे पेशंट थोडे आणि गोळ्यांचे जास्त. आमच्या भागावर तेव्हा मिस्त्री नावाच्या माणसाची सत्ता होती. तो गल्लीत पाण्याच्या टाक्या बांधून द्यायचा, गरिबाच्या मुलीच्या लग्नाला बिर्याणीच्या डेगा पाठवायचा आणि ज्याने खंडणी दिली नाही त्याला पोत्यात भरून चौकात ठेवायचा. ती पोती आमच्याकडे यायची. पोत्याची दोरी कापताना मी नाकाला ओढणी बांधायची आणि चेहरा ओळखीचा निघू नये एवढंच मनात म्हणायची.

अशा गल्लीतून माहगंज बिझनेस स्कूलला गेली. मोठी, नावाजलेली शाळा, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. गरीब वस्त्यांतल्या हुशार मुलांसाठी त्यांनी काही जागा ठेवल्या होत्या, त्यातली एक तिने परीक्षा देऊन मिळवली. गल्लीत मिठाई वाटली गेली. मिनीबस बदलत बदलत ती तिकडे जायची आणि तिच्या वर्गातली मुलं डिफेन्स-क्लिफ्टनच्या बंगल्यांतून गाडीने यायची, ड्रायव्हर दार उघडायचा.

तिथे एक प्रोफेसर होते, डॉक्टर तौसीफ किदवाई. अमेरिकेत शिकून, तिथेच काही वर्षं शिकवून परत आलेले. उंच, शिडशिडीत, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. ते व्याख्यान देत नसत. एखाद्या धंद्याची अडचण आदल्या दिवशी वाचायला द्यायची आणि वर्गात आल्या आल्या कुणा एकाचं नाव घेऊन त्याला उभं करायचं, ही त्यांची पद्धत. मालक तू आहेस, आता निर्णय घे. त्या माणसाने काहीही सांगितलं तरी ते त्यातलं भोक शोधायचे, मग त्या भोकातलं भोक. मुलं उभ्या राहिलेल्याला 'आजचा बकरा' म्हणायची. एका मुलाला त्यांच्या तासाआधी उलटी व्हायची. तरी त्यांच्या वर्गात जागा मिळावी म्हणून मारामारी, कारण बँका आणि कंपन्या विचारायच्या, किदवाईंकडे होतास का?

पहिल्यांदा त्यांनी माहगंजला उभं केलं ते सियालकोटच्या एका फुटबॉल कारखान्याबद्दल. तिने सगळं वाचलं होतं. उत्तर तिला येत होतं, उर्दूत येत होतं, बलोचीत येत होतं. इंग्रजीत ते घशाशी येऊन अडकलं. किदवाई हाताची घडी घालून टेबलाला टेकले आणि थांबले. बराच वेळ. कुणीतरी पेन आपटायला लागलं. शेवटी ते म्हणाले, "मिस बलोच, जीभ घरी विसरलात वाटतं. उद्या येताना घेऊन या."

वर्ग हसला. ती खाली बसली. मला सांगताना ती म्हणाली, "झरनाज, मी नाकावर ठोसे खाल्लेत. बरगडी मोडून घेतली आहे. असं कधी लागलं नव्हतं."

त्या दिवसापासून तिने इंग्रजीवर असे हात चालवले जसे पोत्यावर चालवायची. चालता-बोलता, भांडी घासताना, अंगणात झाडू मारताना ती स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. शाहदाद तिला चिडवायचा, मॅडम, बर्फ महाग करू की स्वस्त? ती खरंच उत्तर द्यायची. तोही मग बंदरावरच्या गोष्टी सांगायचा. कोण कुणाला फसवतं, कोणती लाँच कुणाची, कोण किती खातं. असंच एकदा जेवताना हसत हसत त्याने गुल्लूची गोष्ट सांगितली. गुल्लू हा बंदरावर मिस्त्रीसाठी वसुली करणारा माणूस, आमच्याच गल्लीतला. शाहदाद म्हणाला, गुल्लू लाँचवाल्यांकडून जातानाही घेतो आणि येतानाही घेतो, पण वर मिस्त्रीला एकदाचेच पोचवतो. सगळ्या हमालांना ठाऊक आहे. फक्त मिस्त्रीला ठाऊक नाही. त्यावर आम्ही सगळेच हसलो. मीही तिथेच होते, मासळीचा रस्सा वाढत.

दुसऱ्यांदा किदवाईंनी तिला उभं केलं तो दिवस मला तिने इतक्या वेळा सांगितला की वर्गात कोण कुठे बसलं होतं हेही मी सांगू शकेन. त्या दिवशीची गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरावरच्या शीतगृहाची होती. मालकाला धमकी आली आहे, पैसे दे नाहीतर मुलाला उचलू. द्यायचे की नाही? मुलं बोलत होती. पोलिसांत जा. पहारेकरी ठेवा. खर्चात धरा आणि देऊन टाका. किदवाई कंटाळल्यासारखे ऐकत होते. मग त्यांनी मान वळवली.

"मिस बलोच. तुम्ही लियारीच्या. यांनी हे सगळं पेपरात वाचलंय. तुमच्याकडे तरी खरं उत्तर असेल."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, तिला नका विचारू, तिचे चाचा आपल्या घरी वसुलीला येतील."

वर्ग हसला आणि किदवाईही हसले. फार नाही, ओठांच्या कडेने. तेवढं तिने पाहिलं.

ती उभी राहिली. या वेळी जीभ होती. वसुली कशी चालते, पहिली चिठ्ठी कोण टाकतं, पहारेकरी ठेवला की तोच कसा फितवला जातो, हे तिने सगळं सांगितलं. किदवाई म्हणाले, हे तर रिक्षावालाही सांगेल, पुढे? तिने अजून सांगितलं. ते तिच्या बाकापर्यंत चालत आले. "ऐकीव बोलताय की माहीत आहे? मालकाने हात कुठे घालायचा ते सांगा. या साखळीतली कच्ची कडी कोणती?"

ती म्हणाली, "मधला माणूस."

"का?"

"कारण तो चोर आहे. आमच्या बंदरावरचा माणूस लाँच जाताना घेतो आणि परत येतानाही घेतो. वरच्याला एकदाचेच देतो. मालकाने वरच्याला एवढंच कळवायचं. बाकीचं वरचा करेल."

किदवाई फळ्याकडे गेले आणि 'मधला माणूस' असं मोठ्या अक्षरांत लिहून खाली रेघ ओढली. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "या खोलीत या वर्षी मला मिळालेलं हे पहिलं बरोबर उत्तर." आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचा म्हणणाऱ्यानेही.

येताना तिने गरम जिलबी आणली. शाहदादच्या तोंडात तिनेच कोंबली आणि सगळं सांगितलं. चावता चावता तो थांबला. "कुठे बोललीस?"

"वर्गात. मोठ्यांची पोरं आहेत सगळी, अद्दा. त्यांना काय पडलंय गुल्लूचं?"

"नाव घेतलंस?"

"नाही."

"बंदराचं?"

तिने होकाराची मान हलवली. उरलेली जिलबी त्याने खाल्ली नाही, एवढं मला आठवतं.

त्या वर्गात अरसलान नावाचा एक मुलगा होता. गप्प, पुढच्या रांगेत बसणारा. त्याच्या वडिलांचा मासळी बाहेरदेशी पाठवायचा धंदा होता आणि त्यांच्या स्वतःच्या लाँच होत्या. दोनदा पैसे देऊन ते मेटाकुटीला आले होते. मुलाने जेवणाच्या टेबलावर कौतुकाने सांगितलं, आज एक मुलगी असं असं बोलली. वडिलांनी घास खाली ठेवला, बंदरावर माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि मिस्त्रीला फोन केला.

गुल्लू माझ्याच पाळीत आला. पोतं नेहमीसारखं दोरीने शिवलेलं. दोन्ही हातांची बोटं एकेक करून मागे वाकवून मोडलेली होती, गालांवर विझवलेल्या सिगारेटचे डाग, आणि तोंडात नोटा कोंबलेल्या. घशापर्यंत. लोकांनी वाचावं म्हणून पाटी लावतात तशा. डॉक्टरांनी चिमट्याने काढायला घेतल्या तर गुल्लूचा धाकटा भाऊ नबील पुढे आला, त्याने डॉक्टरांचा हात धरला आणि स्वतःच्या बोटांनी एकेक नोट काढली. रडला नाही. प्रत्येक नोट पाण्याखाली धुतली आणि खिशात घातली. मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. शाहदादच्या संघात तो डावीकडून खेळायचा. मला म्हणाला, "झरनाज, याला कुणीतरी विकलंय."

कुणी विकलं ते शोधायला त्याला फार दिवस लागले नाहीत. मिस्त्रीला हात लावणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, उलट भावाचं काम आता त्याच्याकडेच आलं होतं. म्हणून तो उगमाकडे निघाला. बंदरावर खात्री करायला आलेला माणूस म्हणजे अरसलानच्या वडिलांचा, त्या मासळीवाल्या शेठचा मुनीम; त्याला त्याने उचललं, गोदामात उलटं टांगलं आणि विचारलं. मुनीमाला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. शेठच्या मुलाच्या वर्गात लियारीची एक मुलगी आहे, तिच्याकडून आलं. लियारीतून त्या शाळेत जाणारी मुलगी एकच होती, आणि तिचा भाऊ बंदरावर बर्फ टाकायचा.

तो शुक्रवार होता. नमाज आटोपून पुरुष परतत होते. नबील चार माणसं घेऊन अंगणात शिरला, सगळ्यांच्या खांद्यांवर रायफली. मामीने त्याला इतकी वर्षं त्याच अंगणात जेवू घातलं होतं की सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ये बाळा, चहा टाकू?"

नबील म्हणाला, नको मावशी. मग माहगंजकडे वळला. "खरं सांग. गुल्लूचं वर्गात तू बोललीस?"

माहगंज मला नंतर म्हणाली की 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता. पण तिने हिशेब केला की नाही म्हटलं तर तो शाहदादकडे वळेल, हो म्हटलं तर तिच्याकडे. ती म्हणाली, "मी बोलले. माझं मी बोलले. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही."

"तू बंदरावर जातेस?"

तिने शाहदादकडे बघायचं टाळलं.

"मग तुला कुणी सांगितलं?"

शाहदाद खाटेवर बसून सँडलचा पट्टा लावत होता. तो उठला. "मी सांगितलं. जेवताना, हसण्यावारी. तिला सोड, नबील."

"माझ्या भावाच्या तोंडातून नोटा मी काढल्यात, शाहदाद. या हाताने."

"माहीत आहे."

माहगंज मध्ये आली. मला मार, असं ती म्हणाली. नबीलने तिला बाजूला ढकललं आणि म्हणाला की बाईला मारून त्याला गल्लीत तोंड दाखवायचं नाही. त्याच क्षणी मामाने हात चालवला. साठी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले, पण त्याच्या उजव्या हाताने सगळ्यात जवळच्या माणसाचा जबडा असा फिरवला की तो माणूस रायफलीसकट चुलीत पडला. दुसऱ्याला माहगंजने धरलं. तिने त्याच्या गळ्याखाली कोपर मारलं आणि नाकाचं हाड मोडलं, कडकन वाजलेलं शेजारच्या घरात माझ्या आईने ऐकलं. मग रायफलीचे दस्ते चालले. एक मामाच्या तोंडावर, पुढचे सगळे दात हिरड्यांतून निखळले. एक त्याच्या खांद्यावर, गळ्याशेजारचं हाड तुटलं. एक माहगंजच्या डोक्यात बसला आणि ती वाळूच्या पोत्याखाली कोसळली. मामी नबीलच्या पायांना मिठी मारून होती, तिला त्याने फरफटत दारापर्यंत नेलं.

शाहदादने मात्र हात उचललाच नाही. तो स्वतःहून बाहेर गेला. त्याला वाटलं असावं की अंगणाबाहेर गेलं की घरातले वाचतील. गल्लीत, सगळ्यांसमोर, नबीलने पहिली गोळी त्याच्या उजव्या गुडघ्यात घातली. खेळायचा तो पाय. मग दुसऱ्या गुडघ्यात. शाहदाद जमिनीवर बसल्यासारखा पडला. मग पोटात दोन. नमाजाहून येणारी माणसं भिंतींना चिकटून उभी होती.

गल्लीत गाडी एकच होती, त्याची स्वतःची पिकअप, आणि तिच्यात दुपारच्या फेरीचा बर्फ भरलेला होता. त्याला बर्फावरच घातलं. मी हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी होते, कुणाचा पेशंट येतोय हे मला ठाऊक नव्हतं. पिकअपच्या फळीतून लाल पाणी गळत होतं. माहगंज त्याच्या अंगावर वाकून दोन्ही तळव्यांनी त्याचं पोट दाबून बसली होती, तिच्या कपाळातून वाहणारं रक्त त्याच्या गळ्यावर पडत होतं. मी तिचे हात काढायला गेले तर ते निघेनात. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शाहदाद टेबलावर गेला तेव्हा शुद्धीत होता. मला म्हणाला, "झरनाज, थंडी वाजतेय." डॉक्टरांनी पोट उघडलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यानंतर तो थोडाच वेळ होता.

सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर किदवाई आले. एकटे, टॅक्सीने. लियारीत तोवर त्यांनी कधी पाय ठेवला नसावा, टॅक्सीवाल्याने त्यांना चौकातच उतरवलं होतं आणि तिथून ते विचारत विचारत चालत आले. गल्लीतल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या भोकांकडे पाहत अंगणात शिरले आणि मामासमोर सतरंजीवर बसले. मामाचं तोंड टाक्यांनी शिवलेलं, खांदा बांधलेला. त्याने पाहुण्याला पाणी द्यायची खूण केली.

किदवाईंनी उर्दूत सांगितलं की त्यांना शब्द सापडत नाहीत. मामा फुटक्या तोंडाने म्हणाला, "तुम्ही हिचे उस्ताद?"

"हो."

"हिने बरोबर सांगितलं होतं?"

किदवाईंना प्रश्न कळला नाही की कळूनही पेलला नाही, मला माहीत नाही. मामाने पुन्हा विचारलं, तेवढ्याच शांतपणे. शेवटी ते म्हणाले, "अगदी बरोबर."

मामाने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. मुलगी हुशार आहे हे एका मोठ्या माणसाने त्याच्या अंगणात येऊन सांगितलं होतं, आणि मुलगा मातीत होता.

माहगंज दारात उभी होती, डोक्याला पट्टी. तिने विचारलं की वर्गातून ही गोष्ट बाहेर कुणी नेली. किदवाई म्हणाले की त्यांना माहीत नाही. "असं काही होईल याची मला कल्पना नव्हती, माहगंज." पहिल्यांदाच त्यांनी तिला नावाने हाक मारली.

"तुम्हाला कल्पना नव्हती म्हणून तर मला विचारलंत," ती म्हणाली. "तुम्ही हसलात आणि मग विचारलंत."

ते उठले. मामाच्या हाताचं चुंबन घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या तासाला गेली. मला सांगून गेली नाही. वर्ग भरला होता, किदवाई फळ्याशी होते. ती पुढे जाऊन उभी राहिली आणि उर्दूत एवढंच म्हणाली की तिचा भाऊ मेला आहे, तिने इथे जे सांगितलं त्यामुळे मेला आहे, आणि ते इथून कुणी बाहेर नेलं एवढं तिला कळायला हवं. किदवाईंनी तिला थांबवलं नाही. पुढच्या रांगेतला अरसलान उठला. चेहरा पांढरा पडलेला. "मी घरी बोललो होतो," तो म्हणाला. "बाबांना. तुझं कौतुकच करत होतो."

कौतुक हा शब्द त्याने वापरायला नको होता. माहगंजने त्याला मारलं. एक ठोसा नाही. तिने त्याला बाकांच्या मधल्या जागेत घेतलं आणि जशी पोत्यावर मारायची तशी मारत राहिली, पोटात, बरगड्यांवर, डोळ्यावर, तोंडावर. तो हात वर करत नव्हता. त्याचा चष्मा फुटून काच भुवईत गेली, एक दात बाकावर पडला. मुली किंचाळत होत्या. तिघा मुलांनी मिळून तिला ओढलं तेव्हा तिच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली गेली होती. किदवाई मध्ये पडायला आले आणि त्यांच्याही छातीवर एक बसला. तो चुकून बसला असं त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं. माहगंज म्हणते, चुकून नव्हता.

अरसलानच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर फोनची गोष्ट बाहेर आली असती. शाळेने मात्र चौकशी बसवली. किदवाईंनी तिथे सांगितलं की मुलीला या सगळ्यात ढकललं ते त्यांनी, आणि काढायचंच असेल तर त्यांना काढा. त्यांना कुणी काढलं नाही. तिचं येणं एका वर्षासाठी बंद केलं, नंतर परत ये म्हणाले. ती गेली नाही. ऐकलं की किदवाई त्यानंतरही नावं घेऊन उभं करत, तसेच भोकं पाडत. माणूस असा बदलत नाही.

मामाने घर विकलं. पाण्याच्या भावात गेलं, कारण त्या गल्लीत कोण घर घेणार? सगळे शहराबाहेर हबला गेले, बलुचिस्तानच्या हद्दीत. मीच तेवढी नोकरीमुळे मागे राहिले. माहगंज तिथल्या एका संगमरवर कापायच्या कारखान्यात कामाला लागली. दर महिन्याला पगार झाला की ती बसने माझ्याकडे यायची आणि एकच गोष्ट विचारायची, नबील कुठे आहे. मी म्हणायची, माहीत नाही. मला माहीत असायचं. तिच्या पिशवीत शाहदादचा बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा असतो हेही मला माहीत होतं. मी तो एकदा काढून ठेवला तर तिने माझा दंड असा पिरगळला की आठवडाभर मला सलाईन लावता आलं नाही.

दोन वर्षांनी नबील आला, माझ्याच विभागात, रेंजर्स या निमलष्करी दलाच्या गाडीतून. चकमक, असं कागदावर होतं. डोक्याच्या मागून गोळी गेली होती, चेहरा तसाच्या तसा. योगायोग म्हणा, पगाराचा आठवडा होता आणि माहगंज आम्हा नर्सच्या खोलीत चहा पीत बसली होती. तिला सांगावं की नाही, मी उभ्या उभ्या विचार केला. मग सांगितलं. ती माझ्यामागून शवागारात आली. म्हणाली, "चादर काढ."

मी काढली. ती बघत राहिली. त्याच्या दाढीला कुठूनसा भुसा चिकटला होता. मग तिने हात उचलला आणि त्याच्या गालावर पूर्ण ताकदीने चपराक मारली. मेलेल्याची मान एका बाजूला वळली आणि वळलेलीच राहिली. दुसरी मारायला तिने हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. ती खाली फरशीवर बसली. शाहदाद गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती इतकी रडली की शवागाराचा म्हातारा चौकीदार बाहेर जाऊन उभा राहिला. मी नबीलची मान सरळ केली आणि चादर ओढली. त्याची आई पोचायची होती.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. झोपेत ती अजून हात चालवते, तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. नवरा कारखान्यातलाच, सिंधी, मोठा शांत माणूस, नाव मेहरदाद. तिला एक मुलगा आहे आणि एक मुलगी. मामा गेला. मामी आहे, तिला आता दिसत नाही. हबमध्ये माहगंजच्या तोंडाला सगळे घाबरतात, ट्रकवाले, मुकादम, शाळेच्या बाई. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा ती एका ट्रकवाल्याशी फुटक्या फरश्यांवरून अंगणात भांडत होती आणि मुलगी तिच्या ओढणीला धरून उभी होती, वर तोंड करून ऐकत. मला बघून ती म्हणाली, "आत जाऊन बस, झरनाज, मी याला वाटेला लावून येते." मी आत जाऊन बसले.